एक कॉम्प्युटर, पाच माणसे: ब्राउझरचे प्रोफाइल कुठे पुरते आणि विंडोजचे खाते कुठे लागते

प्रश्न: आमच्या घरी विंडोज ११ असलेला एकच डेस्कटॉप आहे आणि तो पाच जण वापरतात. मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव आहे, त्या कामाचा मेल वेगळा. पत्नी शिक्षिका आहे, तिचे गूगल क्लासरूम शाळेच्या खात्यावर चालते. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा बारावीला. आई दुपारी यूट्यूबवर कीर्तन ऐकते. सगळे एकाच क्रोममध्ये. पत्नीने शाळेची फाइल उघडली की 'तुम्हाला परवानगी नाही' असे येते, आईच्या यूट्यूबवर क्रिकेट आणि गेम दिसतात, आणि परवा मुलाच्या मोबाइलवर माझे सेव्ह केलेले पासवर्ड दिसले. क्रोममध्ये प्रत्येकाचे प्रोफाइल करून हवे तेव्हा बदलता येते असे ऐकले. ते कसे करायचे आणि तेवढ्याने भागेल का?

उत्तर: घरोघरी आणि छोट्या ऑफिसांत कॉम्प्युटर बसवून देणे आणि ते सांभाळणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम. तुम्ही वर्णन केलेली स्थिती मला सतत भेटते, म्हणून जरा मोकळेपणाने आणि सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. प्रोफाइल केल्याने शाळेच्या फाइलची आणि यूट्यूबची अडचण सुटेल. पासवर्डची अडचण अर्धीच सुटेल. प्रोफाइल हा दोन खोल्यांमधला पडदा आहे. कुणीही हात लावून बाजूला करू शकतो. कुलूप हवे असेल तर ते विंडोजच्या खात्याला लागते, ब्राउझरला नाही. म्हणून मी एक सरळ नियम पाळतो: माणसे वेगळी असतील तर विंडोजची खाती वेगळी करायची, आणि एकाच माणसाची कामे वेगळी असतील तर ब्राउझरची प्रोफाइल वेगळी करायची. पुढचे सगळे या नियमाभोवतीच आहे.

प्रोफाइल म्हणजे काय ते समजले की बाकीचे आपोआप लक्षात येते. ब्राउझर तुमच्याबद्दल जे जे लक्षात ठेवतो ते डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवतो. पाहिलेल्या पानांचा इतिहास, बुकमार्क, सेव्ह केलेले पासवर्ड, फॉर्ममध्ये आपोआप भरला जाणारा पत्ता, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक सॉफ्टवेअर) आणि कुकी असे सगळे त्यात असते. क्रोममध्ये पहिल्या प्रोफाइलच्या फोल्डरचे नाव 'डीफॉल्ट' असते, पुढच्यांची 'प्रोफाइल १', 'प्रोफाइल २' अशी. नवे प्रोफाइल केले म्हणजे असा एक नवा, रिकामा फोल्डर तयार झाला. प्रोफाइल बदलले म्हणजे क्रोमने दुसऱ्या फोल्डरवरून खिडकी उघडली. एवढेच घडते. दोन प्रोफाइलच्या खिडक्या एकाच वेळी शेजारी शेजारी उघड्या राहू शकतात आणि एकीला दुसरीची माहिती नसते.

यातली कुकी सगळ्यात महत्त्वाची. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू मोन्टुली यांनी ही कल्पना ब्राउझरमध्ये आणली. तुम्ही लॉगिन केले की संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवते आणि पुढच्या प्रत्येक क्लिकला ती नोंद पाहून तुम्हाला ओळखते. ही नोंद टॅबची नसते, त्या संपूर्ण प्रोफाइलची असते. म्हणून बहुतेक संकेतस्थळांवर एका प्रोफाइलमध्ये एका वेळी एकच माणूस लॉगिन राहू शकतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत याचा फार त्रास होतो. एका टॅबमध्ये ताईचा अर्ज अर्धवट भरलेला असतो, दुसऱ्या टॅबमध्ये भाऊ त्याच पोर्टलवर स्वतःच्या नावाने लॉगिन करतो. आता पहिल्या टॅबमध्ये पडद्यावर ताईचे नाव दिसत असले तरी 'सबमिट' दाबल्यावर पोर्टलला दिसतो तो भाऊ. कधी ताई बाहेर फेकली जाते, कधी चुकीच्या खात्यात कागद चढतात. दोन प्रोफाइल असतील तर दोघांचे अर्ज एकाच वेळी, एकाच पडद्यावर, बिनधोक भरता येतात.

पत्नीच्या 'परवानगी नाही' या संदेशाचे कारण थोडे वेगळे आहे. गूगल एका ब्राउझरमध्ये अनेक खाती एकदम उघडी ठेवू देते. सोय वाटते, पण ज्या खात्याने आधी लॉगिन केले ते मुख्य धरले जाते आणि ड्राइव्ह, मीट किंवा फॉर्मची लिंक बहुतेक वेळा त्याच खात्यातून उघडते. तुमच्या घरी ते मुख्य खाते दुसऱ्या कुणाचे तरी आहे. शाळेने फाइल पत्नीच्या शाळेच्या खात्याला दिलेली आहे, ती त्या भलत्या खात्याने मागितली जाते आणि गूगल नकार देते. वर कोपऱ्यातल्या चित्रावरून खाते बदलून काम चालते, पण दर वेळी ते आठवावे लागते, आणि वर्ग सुरू व्हायला दोन मिनिटे असताना ते कुणालाच आठवत नाही. शाळेच्या खात्याचे स्वतंत्र प्रोफाइल केले की हा प्रश्न पुन्हा उद्भवत नाही.

आता करायचे कसे. क्रोमच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल चित्र असते, त्यावर क्लिक करा. मेनूच्या खालच्या भागात नवीन प्रोफाइल जोडण्याचा पर्याय मिळेल. शब्द आवृत्तीप्रमाणे थोडे बदलतात, जागा तीच. तिथे क्रोम विचारतो की गूगल खात्याने साइन इन करायचे की खात्याशिवाय पुढे जायचे. दोन्ही चालते. मग नाव आणि रंग निवडायचा. डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवायचा का, हेही विचारले जाते. हो म्हणा.

नाव देताना व्यक्तीऐवजी काम लिहिले तर बरे पडते: 'सोसायटी', 'शाळा', 'घरचे'. रंगाकडे दुर्लक्ष करू नका. खिडकीची वरची पट्टी त्या रंगाची होते आणि आपण कुठे आहोत हे वाचायच्या आधी डोळ्यांना कळते. एका टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसात मी ग्राहकांच्या कामाचे प्रोफाइल गडद हिरवे आणि स्वतःच्या मेलचे निळे करून दिले. चुकीच्या पत्त्यावरून मेल जाण्याचा त्यांचा जुना त्रास त्यानंतर मिटला. मला तर वाटते, रंग न देता प्रोफाइल करणे म्हणजे अर्धे काम सोडून देणे.

बदलण्यासाठी तीच जागा: कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक आणि हवे ते प्रोफाइल. कीबोर्डची सवय असेल तर विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एम एकत्र दाबले की तोच मेनू उघडतो. याहून चांगला मार्ग म्हणजे प्रत्येक प्रोफाइलचा स्वतंत्र शॉर्टकट. खालच्या टास्कबारवर क्रोमच्या चिन्हाच्या कोपऱ्यात त्या प्रोफाइलचे छोटे चित्र दिसते. त्यावर उजवे क्लिक करून ते तिथेच पिन करून ठेवा. मेनूमधल्या 'मॅनेज प्रोफाइल्स' मध्ये गेलात तर सगळ्यांची चित्रे असलेला पडदा येतो. त्याच्या खाली 'शो ऑन स्टार्टअप' अशी चौकट असते, ती टिक केलेली ठेवा. मग साध्या चिन्हावरून क्रोम उघडला की आधी 'कोण वापरते आहे' असे विचारतो. सामाईक कॉम्प्युटरवर ही एक टिक बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त कामाची आहे, कारण घरातली घाईची माणसे समोर जी खिडकी असेल तिच्यातच काम सुरू करतात.

एक छोटी सोय फारशी कुणाला माहीत नसते. तुमच्या मेलमध्ये पत्नीच्या शाळेची लिंक आली, तर तिच्यावर उजवे क्लिक करा. दुसरे प्रोफाइल उघडे असेल तर 'ओपन लिंक ॲज' असा पर्याय दिसतो आणि ती लिंक थेट त्या प्रोफाइलमध्ये उघडते. टॅब मात्र एका प्रोफाइलच्या खिडकीतून ओढून दुसऱ्यात टाकता येत नाही.

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिले, ब्राउझरच्या बाहेरच्या लिंक. व्हॉट्सॲपच्या डेस्कटॉप ॲपमधली किंवा पीडीएफमधली लिंक दाबली की क्रोम ती शेवटी वापरात असलेल्या प्रोफाइलमध्ये उघडतो, मग ते कुणाचेही असो. अशा लिंकने लॉगिन मागितले तर आधी खिडकीचा रंग पाहायचा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये बाहेरच्या लिंक कोणत्या प्रोफाइलमध्ये उघडाव्यात हे सेटिंगमध्ये ठरवून ठेवता येते, आणि त्या बाबतीत तो क्रोमपेक्षा सोयीचा आहे. दुसरे, डाउनलोड. प्रोफाइल किती का असेनात, विंडोजचे खाते एकच असेल तर सगळ्यांच्या फाइल एकाच 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये पडतात. सोसायटीच्या बँकेचे स्टेटमेंट आणि मुलाच्या नोट्स शेजारी शेजारी. प्रत्येक प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये डाउनलोडची जागा वेगळी देता येते, ती द्याच.

इनकॉग्निटोबद्दल इथेच सांगतो, कारण 'मी इनकॉग्निटोमध्ये उघडतो की' हे उत्तर मला फार वेळा मिळते. इनकॉग्निटो खिडकी बंद केली की तिचा इतिहास आणि कुकी जातात, हे खरे. पण उतरवलेली फाइल राहते, केलेला बुकमार्क राहतो, आणि उघड्या असलेल्या सगळ्या इनकॉग्निटो खिडक्या मिळून एकच सत्र असते. म्हणजे एका खिडकीत तुम्ही लॉगिन आहात आणि तिच्या मागे दुसरी उघडी राहिली, तर पहिली बंद केल्यावरही लॉगिन जिवंत असते. शिवाय ती खिडकी तुमच्या प्रोफाइलचीच असते, त्यामुळे तुमचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड तिथे हाताशी असतात. पाहुणा आला, शेजारच्या मुलाला हॉलतिकीट काढायचे आहे, अशा वेळी प्रोफाइल निवडण्याच्या पडद्यावरचे 'गेस्ट' वापरा. त्यात घरातल्या कुणाचेच बुकमार्क किंवा पासवर्ड दिसत नाहीत आणि गेस्टच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या की इतिहास आणि कुकी पुसल्या जातात. फाइल तेवढी हाताने पुसायची. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रावर तुमची मुले अर्ज भरायला बसली तर तिथेही त्यांनी गेस्टच मागावे, आणि निघताना डाउनलोड फोल्डर आणि रीसायकल बिन रिकामे करून यावे. आधारची प्रत तिथे मागे राहिली तर ती कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही.

आता मुलाच्या मोबाइलवर तुमचे पासवर्ड कसे गेले. कुणी चोरले नाहीत. क्रोममध्ये एखाद्या गूगल खात्याने साइन इन करून सिंक चालू केले की त्या प्रोफाइलमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड त्या खात्यात जमा होतो, मग तो टाइप कुणीही केलेला असो. तुमच्या क्रोममध्ये साइन इन असलेले खाते बहुधा मुलाचे आहे. 'पासवर्ड सेव्ह करू का' या प्रश्नाला तुम्ही हो म्हणत गेलात आणि ते सगळे त्याच्या खात्यातून त्याच्या फोनवर पोचले. सप्टेंबर २०१८ मधल्या क्रोम ६९ पासून नुसते जीमेल उघडले तरी ब्राउझर त्या खात्याने साइन इन होऊ लागला. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली आणि पुढच्याच आवृत्तीत ते बंद करण्याची सोय आली. पण घराघरांतला गोंधळ तिथून वाढला, हे मी जवळून पाहिले आहे. तेव्हा मुलाला रागावू नका.

हा गुंता सोडवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. जुने, सगळ्यांचे मिसळलेले प्रोफाइल ज्याच्या खात्याला जोडलेले आहे त्याच्याकडेच राहू द्या. तुमच्या घरी ते मुलाचे. बाकीच्यांनी नवी प्रोफाइल करावीत. जुन्यातले बुकमार्क बुकमार्क मॅनेजरमधून फाइल म्हणून बाहेर काढता येतात आणि नव्यात आणता येतात. पासवर्डही पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंगमधून फाइलमध्ये काढता येतात, पण ती फाइल साध्या मजकुराची असते. उघडली की सगळ्यांचे सगळे पासवर्ड वाचता येतात. म्हणून मी शक्यतो ती काढतच नाही. महत्त्वाचे दहा-बारा पासवर्ड नव्या प्रोफाइलमध्ये हाताने टाकून घेतो. काढलीच तर काम होताच पुसा, आणि रीसायकल बिनमधूनही पुसा. सगळे नव्या जागी नीट चालते आहे याची खात्री झाली की मग जुन्या प्रोफाइलमधून बाकीच्यांचे पासवर्ड काढून टाका. सिंक चालू असल्यामुळे ते मुलाच्या फोनवरूनही जातील. शेवटी जे पासवर्ड दुसऱ्याच्या फोनवर फिरून आले ते बदला: आधी मेलचा, मग प्राप्तिकर पोर्टल, मग सोसायटीच्या कामाचे. मेल आधी, कारण मेल ज्याच्या हातात त्याला 'फरगॉट पासवर्ड' दाबून बाकीची पुष्कळ खाती उघडता येतात.

पुढे कधी एखाद्या प्रोफाइलमध्ये भलत्या खात्याने साइन इन झाले आणि क्रोमने विचारले की या खात्यासाठी नवीन प्रोफाइल करू का, तर घाईने नाही म्हणू नका. तो प्रश्न हाच गुंता टाळण्यासाठी विचारलेला असतो.

यूट्यूबबद्दल एक सूचना. आईसाठी वेगळे प्रोफाइल केले तरी जुन्या खात्यातला इतिहास साफ होत नाही, कारण तो कॉम्प्युटरवर नसतो, गूगल खात्यात असतो. आईचे आधी खातेच नसेल तर उगीच नवे जीमेल काढून देऊ नका. खात्याशिवायचे प्रोफाइल करा, सेटिंगमध्ये 'सुरू होताना हे पान उघडा' इथे यूट्यूब द्या आणि डेस्कटॉपवर आईच्या नावाचा शॉर्टकट ठेवा. साइन इन नसतानाही यूट्यूब त्या प्रोफाइलच्या कुकीवरून काय ऐकले ते लक्षात ठेवते. काही दिवसांत तिथे कीर्तनेच दिसू लागतील. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, विसरायला काही नाही. वयस्कर माणसांसाठी मी हीच रचना करतो आणि ती टिकते.

इथवरचे सगळे पडद्याचे. आता कुलपाचे.

एकाच विंडोज खात्यात पाच प्रोफाइल असतील तर घरातले कुणीही दोन क्लिकमध्ये तुमच्या प्रोफाइलमध्ये शिरू शकते. क्रोम प्रोफाइल बदलताना पासवर्ड विचारत नाही. साठवलेला पासवर्ड उघडून पाहायचा तर क्रोम विंडोजचा पासवर्ड किंवा पिन मागतो, पण तो पिन घरात सगळ्यांना माहीत असतो, कारण कॉम्प्युटर सुरू करायला तोच लागतो. आणि पाहायची गरजही नसते. पान उघडले की पासवर्ड आपोआप भरला जातो. पासवर्ड भरण्याआधी प्रत्येक वेळी विंडोज हॅलोने (म्हणजे विंडोजच्या पिनने, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने) ओळख पटवण्याची सेटिंग पासवर्ड मॅनेजरमध्ये आहे, ती चालू करा, तरी मूळ मुद्दा राहतोच. क्रोम विंडोजवर पासवर्ड कुलूपबंद करतो ते विंडोजच्या खात्याच्या किल्लीने. खाते एकच, तर किल्ली सगळ्यांची एकच. फायरफॉक्समध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावता येतो, तो प्रत्येक प्रोफाइलला वेगळा असतो. पण त्याने फक्त साठवलेले पासवर्ड झाकले जातात. उघडा राहिलेला मेल आणि इतिहास तसाच दिसतो.

म्हणून तुमच्या घरासाठी मी विंडोजची खातीच वेगळी करीन. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अदर युजर्स' इथे जाऊन खाते जोडा. विंडोज मायक्रोसॉफ्टचा मेल मागेल. तो द्यायचा नसेल तर 'माझ्याकडे या व्यक्तीची साइन इन माहिती नाही' आणि पुढे 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय जोडा' असे पर्याय निवडले की साधे स्थानिक खाते तयार होते. एक तुमचे, एक पत्नीचे, एक मुलीचे. चौथे 'घर' नावाचे, पासवर्डशिवाय, ज्यात आई आणि मुलगा दोन प्रोफाइल करून राहतील. तुमच्या खात्यात क्रोमची दोन प्रोफाइल: स्वतःचे आणि सोसायटीचे. पत्नीच्या खात्यात दोन: घरचे आणि शाळेचे. माणसे खात्यांनी वेगळी झाली, कामे प्रोफाइलने. मिसळलेले जुने प्रोफाइल तुमच्या आताच्या विंडोज खात्यात आहे. मुलगा 'घर' मध्ये स्वतःच्या गूगल खात्याने साइन इन करेल तेव्हा सिंकमुळे त्याचे बुकमार्क आणि पासवर्ड तिकडे येतील. ते आले की तुमच्या खात्यातले ते प्रोफाइल काढून टाका.

याशिवाय एक पाचवे खाते करा, फक्त ॲडमिनिस्ट्रेटर अधिकारांचे. त्याचा पासवर्ड तुम्हा दोघांकडे असू द्या आणि ते सॉफ्टवेअर बसवण्यापुरते वापरा. रोजची सगळी खाती, तुमचेसुद्धा, 'स्टँडर्ड' प्रकारची ठेवा. यामागे दोन कारणे आहेत. स्टँडर्ड खात्यातून कुणी काहीबाही बसवू लागले तर विंडोज बहुतेक वेळा ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो. आणि ॲडमिनिस्ट्रेटरला दुसऱ्यांचे फोल्डर उघडता येतात. मुलगी सज्ञान आहे. तिचा मेल, तिचे कागद, तिने काय वाचले हे तिचे आहे, आणि 'बाबांना हवे तर उघडता येते' अशी व्यवस्था रोजच्या वापरात नसावी असे मला मनापासून वाटते. घरात एकमेकांवर विश्वास असतो म्हणून कुलूप नको, हे मला बरेच जण सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. वेगळी खाती झाल्यावर 'माझे कोणी पाहिले' हा वाद त्या घरांत पुन्हा ऐकू आला नाही. पत्नीच्या खात्यात तर इतरांच्या मुलांचे गुण आणि पालकांचे फोन नंबर आहेत. ते उघडे ठेवण्याचा अधिकार घरातल्या कुणालाच नाही.

खाते बदलायला स्टार्ट मेनूतल्या स्वतःच्या चित्रावर क्लिक करून दुसऱ्याचे नाव निवडायचे. उठताना विंडोजचे बटण आणि एल एकत्र दाबले की पडदा कुलूपबंद होतो. ही सवय सगळ्यांना लावा. तुमच्या मशीनमध्ये ४ जीबी रॅम असेल तर दुसऱ्याला देताना नुसते बदलू नका, पूर्ण 'साइन आउट' करा. नाहीतर आधीच्या माणसाची क्रोम मागे चालू राहते आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. ८ जीबी असेल तर दोघांपर्यंत सहसा त्रास होत नाही. मराठी टायपिंगचा कीबोर्ड प्रत्येक विंडोज खात्यात वेगळा जोडावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. खाते केल्यावर पहिली तक्रार तीच येते. घरातल्या सामाईक फाइल, फोटो, लाइट बिले सी ड्राइव्हच्या 'युजर्स' मधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये ठेवा, त्या सगळ्या खात्यांना दिसतात.

सोसायटीबद्दल अजून थोडे. त्या कामाचा मेल तुमच्या वैयक्तिक जीमेलवर चालवत नाही आहात, हे उत्तम. व्यवस्थापन समितीची मुदत पाच वर्षांची असते. उद्या नवा सचिव आला की त्या मेलचा पासवर्ड त्याला द्यायचा, बदलायला सांगायचा आणि तुमच्याकडचे 'सोसायटी' प्रोफाइल काढून टाकायचे. कागद आधीपासून वेगळे असतील तर हे दहा मिनिटांत होते. मिसळलेले असतील तर माजी सचिवाच्या घरी महिनोनमहिने खेपा घालाव्या लागतात.

इतर ब्राउझरचे थोडक्यात. एजची प्रोफाइल क्रोमसारखीच चालतात. फायरफॉक्समध्ये प्रोफाइल फार जुनी आहेत, पण ती आतल्या एका पानावर दडलेली असत; २०२५ मध्ये ती सरळ मेनूत आली. फायरफॉक्सचे 'कंटेनर' हे वेगळे प्रकरण: त्यात टॅबनुसार कुकी वेगळ्या राहतात, पण इतिहास, बुकमार्क आणि पासवर्ड एकच. एकट्याने दोन-तीन खाती हाताळायला ते छान आहे, पाच माणसांना वेगळे करायला अजिबात नाही. मॅकवर सफारीमध्ये २०२३ पासून, म्हणजे आवृत्ती १७ पासून प्रोफाइल आली. मॅकवरही माणसांसाठी वेगळी खातीच करा.

पुढेमागे मुलगी शिकायला बाहेरगावी गेली किंवा कॉम्प्युटर कुणाला दिलात, तर प्रोफाइल काढण्यासाठी प्रोफाइल निवडण्याच्या पडद्यावर त्या चित्राच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा. त्याने या कॉम्प्युटरवरची माहिती जाते. सिंक केलेली माहिती गूगल खात्यात राहते. सिंक नसेल तर मात्र गेलेले परत येत नाही, ते रीसायकल बिनमध्येही जात नाही. आईचे प्रोफाइल खात्याशिवायचे असल्याने त्यातले बुकमार्क आधी फाइलमध्ये काढून घ्या. विंडोजचे अख्खे खाते काढले तर त्या व्यक्तीचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधले कागदही पुसले जातात, त्यामुळे ते आधी पेन ड्राइव्हवर उतरवून, दुसऱ्या एखाद्या मशीनवर उघडून पाहा आणि मगच खाते काढा.